विश्लेषण : मुलींचे गणित खरेच कच्चे असते का? उत्तर मेंदूत की घरात?

दहावीचा निकाल लागला की मुंबईच्या उपनगरांत दोन दिवस पेढे वाटले जातात आणि तिसऱ्या दिवसापासून एकच प्रश्न सुरू होतो, ‘पुढे काय घेणार?’ बोरिवली असो वा मुलुंड, सायन्सला जाणाऱ्या मुलीला सल्ला ठरलेला असतो : ‘बायो घे, मॅथ्सचे टेन्शन कशाला?’ कॉमर्सला जाणारीला विचारले जाते, ‘मॅथ्स की एसपी?’ आणि उत्तराची वाट न बघता ‘एसपी स्कोरिंग आहे’ असे सांगितलेही जाते. मुलाने गणित सोडतो म्हटले तर मात्र घरात बैठक बसते. या सल्ल्यामागे एक समज आहे, मुलींना गणित उपजतच कमी जमते असा. तो कितपत खरा? गेल्या ४५ वर्षांत यावर जगभर भरपूर संशोधन झाले आहे. त्यातले काही भारतातलेही आहे.

मुली दहावीत पुढे, जेईईत मागे, असे का?

२०२५च्या दहावीत राज्यात ९६.१४ टक्के मुली उत्तीर्ण झाल्या, मुलगे ९२.३१ टक्के. हे दरवर्षीचेच चित्र आहे, निकालाच्या बातमीचा मथळाही ठरलेला असतो. त्यानंतर तीनच आठवड्यांत जेईई अॅडव्हान्स्डचा निकाल आला. परीक्षा दिलेल्या १ लाख ८० हजार ४२२ जणांत मुली होत्या ४१ हजार ३३७, म्हणजे सुमारे २३ टक्के. पात्र ठरलेल्या ५४ हजार ३७८ जणांत मुली ९ हजार ४०४, म्हणजे १७ टक्के. परीक्षा दिलेल्या मुलग्यांपैकी ३२ टक्के पात्र ठरले, मुलींपैकी २३ टक्के.

या दोन निकालांतून घाईने निष्कर्ष काढला जातो. ‘मुली घोकंपट्टीत पुढे, डोके लावायचे असेल तिथे मागे.’ पण दोन्ही परीक्षा वेगळ्या गोष्टी मोजतात. दहावीची टक्केवारी सर्व विषयांची असते आणि उत्तीर्ण होण्याची रेघ खाली असते. जेईई अॅडव्हान्स्ड ही आधीच्या जेईई मेनमधून गाळून आलेल्यांची परीक्षा आहे. तिथे बसलेल्यांतच मुली जेमतेम पाव आहेत. म्हणजे दरीचा मोठा भाग परीक्षेच्या दिवशी तयार होत नाही. तो दोन वर्षे आधी, अकरावीचा अर्ज भरतानाच तयार झालेला असतो. उरलेला भाग, म्हणजे ३२ आणि २३ मधला फरक, हाही खराच आहे. तो नाकारून चालणार नाही.

हा वाद महाराष्ट्रात किती जुना?

सव्वाशे वर्षांहून जुना आणि त्यातला विनोद असा की तो घालणारे गणिताचे शिक्षकच होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८८४ मध्ये पुण्यात मुलींचे हायस्कूल काढले, तीच हुजूरपागा. तिथे मुलींना मुलांसारखेच शिक्षण देण्यावर ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. लोकमान्य टिळक स्वतः गणित घेऊन पहिल्या वर्गात बी. ए. झालेले आणि गणित शिकवणारे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनीही गणित शिकवले, त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळाशाळांत चालले. फर्ग्युसन महाविद्यालयात १८९१ पासून गणित शिकवायला आले ते धोंडो केशव कर्वे.

विधवांसाठी आयुष्य वेचणाऱ्या कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली होती, तिचा प्रभाव त्यामागे होता. मातृभाषेतून शिक्षण हे या विद्यापीठाचे वैशिष्ट्य होते. दुसरे वैशिष्ट्य अभ्यासक्रमाचे : गृहशास्त्र आणि आरोग्य सक्तीचे, गणित ऐच्छिक. बहुतेक स्त्रिया पत्नी आणि माता होणार, त्यांना लागेल ते शिकवावे, असा विचार त्यामागे होता. मुलींना गणित ‘येत नाही’ असे कर्वे म्हणत नव्हते, ‘लागत नाही’ असे म्हणत होते. पण दोन पिढ्यांत ‘लागत नाही’चे ‘येत नाही’ व्हायला वेळ लागत नाही.

१९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांच्या १५ लाखांच्या देणगीनंतर हे विद्यापीठ एसएनडीटी झाले आणि १९३६ मध्ये मुंबईत आले. त्याच्या कुलगुरू राहिलेल्या हंसा मेहता यांच्याच अध्यक्षतेखाली १९६२ मध्ये, मुलामुलींचे अभ्यासक्रम वेगळे असावेत का, हे तपासणारी राष्ट्रीय समिती नेमली गेली. (मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ऐवजी ‘सर्व माणसे’ हा शब्द घालायला लावणाऱ्या त्या याच.) कुवत आणि आवड व्यक्तीगणिक बदलते, ती लिंगावर ठरत नाही, म्हणून वेगळे अभ्यासक्रम नकोत, असे या समितीने सांगितले. पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) पहिली दहा वर्षे गणित आणि विज्ञान सर्वांना सक्तीचे करण्याची शिफारस केली. महाराष्ट्रात नव्या आकृतिबंधाची पहिली दहावी मार्च १९७५ मध्ये झाली. म्हणजे आज साठी ओलांडलेल्या आज्यांच्या पिढीपर्यंत गणितापासून मुलींची सुटका करणे ही ‘सोय’ मानली जात होती. त्या आज्या आजही घरात आहेत आणि अकरावीच्या बैठकीत त्यांचेही मत असते.

एसएनडीटीच्या जुहू संकुलात १९९७ पासून मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथे प्रवेशाला गणित लागते.

मेंदूत फरक आहे, असे म्हणणाऱ्यांचा आधार काय?

हा पक्ष हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अमेरिकेत बेनबो आणि स्टॅन्ली या संशोधकांनी तेरा वर्षांखालील हुशार मुलांना महाविद्यालयीन प्रवेशाची सॅट परीक्षा द्यायला लावली. गणितात ८०० पैकी ७०० किंवा अधिक गुण मिळवणाऱ्यांत एका मुलीमागे तेरा मुलगे निघाले. हे १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि गाजले.

दुसरा आधार ‘विखुरण्या’चा. मुलगे आणि मुलींची सरासरी सारखी असली तरी मुलग्यांचे गुण अधिक पसरलेले असतात, अगदी वरच्या टोकाला मुलगे जास्त आणि अगदी तळालाही मुलगेच जास्त. बऱ्याच देशांत मुलग्यांतले हे विचरण १० ते २० टक्क्यांनी अधिक आढळते. हा फरक मधल्या गर्दीत दिसत नाही, पण लाखात पहिले शंभर निवडायचे असतील तर तो अनेक पटींनी दिसतो. हार्वर्डचे तत्कालीन अध्यक्ष लॅरी समर्स यांनी जानेवारी २००५ मध्ये हाच मुद्दा मांडला आणि वादळ उठले. वर्षभराने त्यांनी पद सोडले, त्याला इतरही कारणे होती.

तिसरा आधार सर्वांत भक्कम आहे. एखादी त्रिमितीय आकृती मनातल्या मनात फिरवून दुसऱ्या बाजूने कशी दिसेल ते ओळखणे, या एका कौशल्यात पुरुष सरासरीने पुढे असल्याचे वारंवार आढळले आहे. भूमिती, इंजिनीअरिंग ड्रॉइंग यांच्याशी त्याचा संबंध आहे. गर्भावस्थेतील संप्रेरकांचा यात हात असावा, असे काही जण म्हणतात. त्याबाबतचे पुरावे मात्र एका दिशेने जात नाहीत.

मग हे पुरावे पुरेसे का ठरले नाहीत?

कारण हे फरक स्थिर राहिले नाहीत. तेरास एकचे ते प्रमाण १९९०च्या दशकात चारास एकच्या आसपास आले. जनुके पंधरा वर्षांत बदलत नाहीत. बदलल्या त्या मुलींना मिळणाऱ्या संधी आणि अभ्यासक्रम. (त्यानंतर मात्र ते प्रमाण फारसे हललेले नाही, हेही सांगायला हवे.) २००८ मध्ये जॅनेट हाइड यांच्या गटाने अमेरिकेतील दहा राज्यांच्या ७० लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे गुण तपासले, तेव्हा सरासरीतला फरक जवळपास शून्य निघाला. २०१९ मध्ये ३ ते १० वर्षांच्या १०४ मुलामुलींना एमआरआय यंत्रात ठेवून गणिताचे व्हिडीओ दाखवले गेले. मुलांच्या आणि मुलींच्या मेंदूचा प्रतिसाद सारखाच होता.

विखुरण्याचे प्रमाणही देशागणिक बदलते, काही देशांत ते जवळपास सारखे आहे. आकृती फिरवण्याचे म्हणाल तर २००७ मधील कॅनडातील एका प्रयोगात दहा तास अॅक्शन व्हिडीओ गेम खेळवल्यावर स्त्रियांची प्रगती पुरुषांपेक्षा जास्त झाली आणि अंतर बरेच कमी झाले. दहा तासांत भरून निघू शकणाऱ्या गोष्टीला ‘उपजत मर्यादा’ म्हणणे जरा धाडसाचे आहे. आपल्याकडे मोबाइलवरचे असे खेळ घरात कोण खेळते, हे वेगळे सांगायला नको.

भारतातील पुरावा कोणता?

सर्वांत लक्षवेधी प्रयोग मेघालयातला. तिथे खासी समाज मातृवंशीय आहे. मालमत्ता धाकट्या मुलीकडे जाते. शेजारीच कार्बी समाज आहे, तो पितृवंशीय. दोघांचे डोंगर एकच, आहार आणि जगणे बरेचसे सारखे. मोशे हॉफमन, उरी निझी आणि जॉन लिस्ट यांनी दोन्हीकडच्या गावांतील सुमारे १,३०० जणांना चार तुकडे जोडून चित्र पूर्ण करायला दिले. जलद जोडणाऱ्याला जादा पैसे. कार्बी गावांत स्त्रियांना पुरुषांपेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त वेळ लागला. खासी गावांत स्त्री-पुरुषांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. शिक्षणाच्या वर्षांतील तफावतीने कार्बींमधील फरकाचा सुमारे एक तृतीयांश भाग समजावता आला. हा शोधनिबंध २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. हा एक प्रयोग आहे आणि कोडे हे पूर्ण गणित नव्हे. पण जिथे जीवशास्त्राचा दावा सर्वांत भक्कम, त्याच कौशल्यात हा निकाल आला, म्हणून त्याचे वजन जास्त.

‘असर’च्या २०१८च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयोगटातील ५० टक्के मुलग्यांना भागाकार जमला, मुलींपैकी ४४ टक्क्यांना. हा देशाचा आकडा. पण हिमाचल प्रदेश, पंजाब, केरळ, कर्नाटक, तमिळनाडू या राज्यांत मुली पुढे होत्या. राज्याची सीमा ओलांडली की मेंदू बदलतो, असे कोणी म्हणणार नाही.

फरक नेमका कधी सुरू होतो?

याचे सर्वांत मोठे उत्तर जून २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आले. फ्रान्समध्ये २०१८ ते २०२२ या काळात पहिलीत आलेल्या २६ लाखांहून अधिक मुलांची चाचणी झाली, शाळा सुरू होताना, चार महिन्यांनी आणि पुन्हा वर्षभराने. सुरुवातीला मुलामुलींत फरक जवळपास नव्हता. चार महिन्यांत मुलगे पुढे गेलेले दिसू लागले, वर्षभरात अंतर कैकपटींनी वाढले. शहर-खेडे, सरकारी-खासगी, गरीब-श्रीमंत सगळीकडे हेच.

यातले दोन धागे महत्त्वाचे आहेत. एक, अंतर वयाबरोबर नव्हे तर शाळेत काढलेल्या महिन्यांबरोबर वाढत होते. एकाच वर्गात वर्षभराने लहान-मोठी मुले असतात, त्यावरून हे वेगळे काढता आले. दोन, करोनामुळे शाळा बंद राहिल्या त्या वर्षी अंतर कमी वाढले. म्हणजे काहीतरी वर्गातच घडते. नेमके काय, हे या अभ्यासाने सांगितलेले नाही. एक शक्यता २०१० मधील एका अमेरिकी अभ्यासात दिसते. ज्या शिक्षिकांना स्वतःलाच गणिताची भीती वाटते, त्यांच्या वर्गातील मुलींमध्ये वर्षअखेरीस ‘गणित मुलग्यांचे’ हा समज आणि कमी गुण, दोन्ही दिसले. वर्गातील मुलग्यांवर तसा परिणाम नव्हता. हा अभ्यास १७ शिक्षिकांचाच होता, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. तरी ‘माझेही गणित कच्चेच होते’ हे मुलीसमोर कौतुकाने सांगणाऱ्या आईने तो लक्षात ठेवायला हरकत नाही.

संस्कृतीचा दावा करणारे कुठे चुकले?

त्यांच्याही काही लाडक्या गोष्टी टिकल्या नाहीत. परीक्षेआधी मुलीला ‘मुली यात कमी पडतात’ याची आठवण करून दिली की तिचे गुण घसरतात, हा १९९९ पासून गाजलेला सिद्धान्त. २०१८ मध्ये नेदरलँड्समधील दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर तो नीट तपासला, तेव्हा परिणाम आढळला नाही.

दुसरे, ‘समाजात समानता आली की गणितातील दरी मिटते’ हे समीकरण. २००८ मध्ये ४० देशांच्या आकडेवारीवरून ते मांडले गेले, आइसलँडमध्ये मुली पुढे असल्याचे उदाहरण दिले गेले. पण ओमान, बहारीन, जॉर्डनमध्येही शालेय गणितात मुली पुढे असतात, आणि त्या देशांना समानतेचे आदर्श कोणी म्हणत नाही. २०१८ मध्ये स्टोट आणि गिअरी यांनी तर उलटच मांडले, अधिक समानता असलेल्या देशांत विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदव्या घेणाऱ्या मुलींचे प्रमाण कमी. त्यांच्या आकडेमोडीवर आक्षेप आले आणि दुरुस्ती छापावी लागली, पण प्रश्न उरलाच. थोडक्यात, ‘संस्कृती’ म्हणजे एक बटण नव्हे. शाळा वेगळी की एकत्र, घरात मुलीच्या वेळेवर किती कामे, शिक्षक कोण, नोकरी कुठली मिळते, अशा पन्नास गोष्टी त्यात येतात.

गुण सारखे असूनही मुली गणित का सोडतात?

याचे एक उत्तर अनपेक्षित आहे : त्यांचे इतर विषयही चांगले असतात म्हणून. २०१९ मध्ये तोमा ब्रेदा आणि क्लोतिल्द नाप यांनी लाखो विद्यार्थ्यांच्या ‘पिसा’ चाचण्यांवरून दाखवले की, गणितात सारखेच गुण असलेल्या मुलग्यापेक्षा मुलीचे भाषेचे गुण जास्त असतात. ती स्वतःचे विषय एकमेकांशी तोलते आणि ‘मला गणितापेक्षा दुसरे जास्त जमते’ असे ठरवते. गणिताकडे वळण्याच्या इराद्यातील दरीचा मोठा भाग यातून समजतो. उपनगरातील दहावीच्या गुणपत्रिकेत हे रोज दिसते. गणितात ९२, मराठीत ९५, विज्ञानात ९६. घरचे म्हणतात, बघ, गणितच कमी आहे.

परीक्षेची रीतही पाहायला हवी. जेईईत चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. निगेटिव्ह मार्किंग असले की सारखेच ज्ञान असलेल्या मुली मुलग्यांपेक्षा जास्त प्रश्न सोडून देतात, हे कॅथरीन बाल्डिगा यांच्या २०१४च्या प्रयोगात दिसले. चिली देशाने महाविद्यालयीन प्रवेश परीक्षेतील गुणकपात बंद केली, तेव्हा प्रश्न सोडण्यातील स्त्री-पुरुष तफावत सुमारे ७० टक्क्यांनी घटली. म्हणजे जेईईतील ३२ विरुद्ध २३ मध्ये गणित किती आणि जोखीम घेण्याची सवय किती, हे त्या आकड्यातून कळत नाही.

आणि मग क्लास. अंधेरी वा घाटकोपरचा क्लास रात्री नऊला सुटतो, तिथून विरार वा बदलापूर गाडी. मुलाला ‘जेवण गरम करून घे’ इतकेच सांगितले जाते. मुलीच्या बाबतीत आधी ठरते की तिला आणायला कोण जाणार आणि कुणीच नसेल तर जवळचा क्लास बघितला जातो. घर सोडून दुसऱ्या शहरात दोन वर्षे तयारीला पाठवणे हा त्यापुढचा प्रश्न. गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी १९६४ मध्ये मुंबई विद्यापीठात एम. ए.ला पहिला क्रमांक आणि कुलपतींचे सुवर्णपदक मिळवले. त्यांची पीएच. डी. झाली १९८१ मध्ये, लग्नानंतर सोळा वर्षांनी, घर आणि मुली सांभाळून. मधली वर्षे कशात गेली हे त्यांनी लपवले नाही. पुढे बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष म्हणून २०१९ मध्ये ‘पन्नास तीन’ अशा संख्यावाचनासाठी त्यांच्यावर विनोदांचा पाऊस पडला. लहान मुलांना गणिताची भीती नेमकी कुठे बसते, याचा त्यांनी केलेला विचार त्या विनोदांत वाहून गेला.

उपाय केले की फरक पडतो का?

आयआयटींत २०१७च्या सुमारास बी.टेकला मुली जेमतेम आठ-नऊ टक्के होत्या. प्रा. तिमथी गोन्साल्विस समितीच्या शिफारशीवरून २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा निर्माण केल्या गेल्या. मुलग्यांच्या जागा कमी न करता आधी १४, मग १७, मग २०२० मध्ये २० टक्क्यांचे लक्ष्य ठेवले गेले. पवईच्या आवारात हा बदल डोळ्यांनी दिसतो. टीका करणारे म्हणतात, गुणवत्तेशी तडजोड. पण या मुलीही तीच परीक्षा उत्तीर्ण होऊन आलेल्या असतात. जागा वाढल्या, पात्रतेची अट नाही बदलली.

टोकावरची दरी मात्र अजून तशीच आहे. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडे गणित ऑलिम्पियाडचे देशभराचे काम आहे. २०२४ मध्ये इंग्लंडमधील बाथ येथे भारताने आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये चार सुवर्णांसह चौथा क्रमांक मिळवला. सहा जणांच्या संघात मुलगी एकही नव्हती. त्याच वर्षी जॉर्जियात झालेल्या मुलींच्या युरोपीय गणित ऑलिम्पियाडमध्ये गेलेल्या भारताच्या चारही मुली पदके घेऊन आल्या, दोन रौप्य, दोन कांस्य. भारत या स्पर्धेत २०१५ पासूनच जातो आहे. यातून किती मुली पुढे मुख्य संघापर्यंत पोहोचतात, हे पाहायला अजून काही वर्षे लागतील.

अकरावीत आता काय करावे?

विज्ञान शाखेत गणित आणि जीवशास्त्र दोन्ही एकत्र घेता येतात. सीईटीला पीसीएम आणि पीसीबी हे दोन्ही गट देता येतात. अभ्यास वाढतो, पण निर्णय दोन वर्षे पुढे जातो. कॉमर्समध्ये एसपीऐवजी गणित घेतले तर संख्याशास्त्र, अॅक्च्युरियल सायन्स, डेटा सायन्स हे रस्ते खुले राहतात, बारावीनंतर अनेक महाविद्यालये त्यासाठी गणिताची अट घालतात. ऑलिम्पियाडच्या मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका होमी भाभा केंद्राच्या संकेतस्थळावर मोफत आहेत आणि त्या सोडवायला रात्री नऊची गाडी पकडावी लागत नाही.